शुक्रवार पेठेतील मंगळवार : दर्शनी फलकांवरील यंत्रदोष आणि लोकांचा विनोद

सार्वजनिक जागी लावलेला फलक हा भाषाव्यवहाराचा एक चमत्कारिक प्रकार आहे. त्याला वक्ता नसतो, निदान तो समोर नसतो. श्रोता मात्र रस्त्याने जाणारा कोणीही असतो. तरीही फलकावर ‘आज’ असे लिहिलेले असेल तर तो ‘आज’ आपलाच आहे असे वाचणारा निःशंकपणे गृहीत धरतो. हे गृहीत जेव्हा ढासळते तेव्हा लोक काय बोलतात, आणि जे बोलतात ते प्रायः विनोदाच्या रूपानेच का बोलतात, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास क्षुल्लक असे काही नसते, आणि पुढे येणारी एकदोन उदाहरणे तर मुळीच हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत.

सोलापुरातील शुक्रवार पेठेत एका दुकानाच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या ठिपक्यांनी अक्षरे उमटविणारा एक फलक आहे. वार, दिनांक, वेळ आणि तापमान या चार गोष्टी तो आळीपाळीने दाखवितो, व मधूनमधून दुकानाची जाहिरात करतो. दुकानाच्या माळ्यावर ठेवलेला एक जुना संगणक हा फलक चालवितो. एका उन्हाळ्यात, दुपारी बराच वेळ गेलेली वीज परत आली आणि फलकाने जाहीर केले : ‘मंगळवार, १ जानेवारी १९८०’. त्यामागोमाग तापमान आले : ‘८५ अंश’. वस्तुतः त्या दिवशी वार शुक्रवार होता. दुरुस्ती करणारा माणूस तीन दिवसांनी आला. त्या तीन दिवसांत, चहाच्या निमित्ताने समोर उभा राहून, लोकांचे उद्गार मी टिपून घेतले. ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही हे मान्य आहे. पण रस्त्यावरील विनोद प्रश्नावलीने हाती लागत नाही.

प्रथम दोषाची कारणे पाहू, कारण ती जाणून घेतल्यावाचून विनोदाचे मर्म नीट कळणार नाही. वीज नसताना संगणकातील घड्याळ एका लहानशा विद्युत्‌घटावर चालते. तो घट संपला की घड्याळाची स्मृती पुसली जाते, आणि वीज आल्यावर यंत्र आपल्या दिनगणनेच्या आरंभबिंदूकडे परतते. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, त्याच्या कार्यप्रणालीने दिवस मोजण्याचा आरंभ १ जानेवारी १९८० पासून धरला होता, आणि तो वारसा पुढील कित्येक यंत्रांत उतरला. त्या दिवशी मंगळवार होता. (युनिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या परंपरेत हा आरंभबिंदू १ जानेवारी १९७० असून तो दिवस गुरुवार होता. माळ्यावरील यंत्र त्या घराण्यातले असते तर विनोदाचा पत्ताच बदलला असता.) तापमानाची कथाही अशीच आहे. अशा फलकांत वापरल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय अंकीय तापमापकाच्या स्मृतीत वीज मिळताक्षणी ८५ अंश सेल्सियस हीच किंमत असते. पुढचे मापन काही कारणाने झाले नाही तर तीच फलकावर येते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याला काहीच ठाऊक नव्हते, आणि ‘ठाऊक नाही’ असे सांगण्याची सोय त्याच्या रचनेत कोणी ठेवलेली नव्हती.

आता उद्गार. पहिलाच, सायकलवरून उतरलेल्या एका तरुणाचा : “मंगळवार पेठंची पाटी हितं कुणी आणून लावली बे?” या एका वाक्यावर एखादा तास व्याख्यान देता येईल. सोलापूरच्या पेठांस वारांची नावे आहेत. तेव्हा ‘मंगळवार’ हा शब्द येथील माणसाच्या मनात दोन कप्प्यांत राहतो, एक काळाचा व दुसरा स्थळाचा. फलकाने काळासंबंधी चूक केली. तरुणाने ती चूक उचलून स्थळाच्या कप्प्यात ठेवली, आणि तेथे ती चूक न राहता घोटाळा झाली : वार चुकलेला नाही, पाटी भलतीकडे आली आहे. काळाचे चुकणे अनाकलनीय असते. पाटी चुकीच्या पेठेत लागणे हा नगरव्यवहाराचा नेहमीचा अनुभव आहे. असंबद्ध विधानास दुसऱ्या संदर्भात सुसंबद्ध करून दाखविणे हे श्लेषाचे जुनेच कार्य होय. विशेष इतकाच की येथे श्लेष कवीने योजलेला नाही. एका विद्युत्‌घटाने अर्धा दिला आणि सायकलस्वाराने उरलेला पुरा केला. वाक्याच्या शेवटी आलेला ‘बे’ हा सोलापुरी बोलीचा शिक्काच होय. परगावचे लोक त्यास उद्धट समजतात, पण बरोबरीच्या मित्रांत तो सलगीचाच द्योतक असतो, आणि येथे तर तो बोलणाऱ्याने एका अनोळखी गर्दीस उद्देशून वापरला. गर्दी त्या क्षणापुरती मित्रमंडळी झाली.

८५ अंशांविषयीचा उद्गार याच्या नेमका उलट घडणीचा होता. कपाळ पुसत एक गृहस्थ म्हणाले, “आज जरा गारवाय.” ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर सहज जातो, तेथे अतिशयोक्तीची चूक यंत्राने केली की माणसाला न्यूनोक्तीवाचून मार्ग उरत नाही. येथे शब्दच्छल मुळीच नाही. सारा भार ‘जरा’ या एका शब्दावर आहे.

तिसरा उद्गार एका वृद्धाचा. ते बराच वेळ फलकाकडे पाहत होते. “ऐंशी साल हाय व्हय? मग माझी दुसरी पाळी हाय की. चला, भोंगा व्हईल.” भोवतीचे लोक हसले, आणि तेही हसले. सोलापूर ज्यांच्यामुळे गिरणगाव म्हणून ओळखले जात होते त्या मोठ्या कापडगिरण्या आज बंद आहेत. १९८० साली त्यांतील काहींचे भोंगे अद्याप वाजत होते. वृद्धाने फलकाची चूक नाकारली नाही. ती खरी मानली आणि तिच्यावरून जो निष्कर्ष तर्काने निघतो तो काढला. विनोदाची ही जात मला या तिन्हींत सर्वांत कठीण वाटते, कारण यंत्राने चुकून उघडलेल्या दारातून ते गृहस्थ चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जाऊन आले, आणि त्यासाठी त्यांस एकही विशेषण वापरावे लागले नाही.

याच फलकावर दुसऱ्या दिवशी अक्षरांचाही दोष उद्भवला. कोणीतरी काही कळा दाबून पाहिल्या असाव्यात. ‘शुक्रवार’ या शब्दातील जोडाक्षर सुटले आणि ‘क’ च्या खाली हल्‌चिन्ह लोंबू लागले. ‘किंमत’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनापासून दुरावून ठिपक्यांच्या एका पोकळ वर्तुळावर जाऊन बसली. या दोषाचे मूळ देवनागरीच्या संगणकीय घडणीत आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली स्वीकारलेला इस्की संकेत आणि त्याच्या आधीच्या आवृत्तीवर आधारलेला युनिकोडचा देवनागरी विभाग, या दोहोंत अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जातात : प्रथम व्यंजन, मग स्वर. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, पण साठविताना नंतर. जोडाक्षर तर साठविलेले नसतेच. ‘क’, हल्‌चिन्ह, ‘र’ असे तीन सुटे संकेत असतात, आणि त्यांपासून ‘क्र’ घडविण्याचे काम पडद्यावर अक्षर उमटण्याच्या क्षणी एक स्वतंत्र आज्ञावली करते. ती आज्ञावली गैरहजर असेल तर अक्षरे कच्च्या मालासारखी बाहेर पडतात. आणि आधारावाचूनची वेलांटी दाखविण्यासाठी ठिपक्यांचे वर्तुळ योजण्याची प्रथा आहे.

हे सर्व लोकांस ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि शाळेत शिकलेली परिभाषा त्यांजपाशी आहे. हल्‌चिन्ह देणे यास मराठी शाळेत ‘पाय मोडणे’ म्हणतात. एका मुलीने आपल्या मैत्रिणीस म्हटले, “शुक्रवारचा पाय मोडला गं!” आणि वर्तुळावरील वेलांटीबद्दल चहावाल्याने सांगितले, “वेलांटीला भोपळा धरलाय.” वेलांटी म्हणजे वेल, वेलाला भोपळा, आणि भोपळा म्हणजे परीक्षेतले शून्य : ही साखळी क्षणार्धात जुळते, व तिची एकही कडी दुसऱ्या भाषेतून उसनी आणलेली नाही. देवनागरीचे सांगाडे उघडे पडले तेव्हा लोकांनी ते मराठी शाळेच्या फळ्यावरील शब्दांनीच झाकले, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा घटना सोलापुरापुरत्या नाहीत हे सांगणे नलगे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील एका प्रदर्शनात ‘विंडोज ९८’ ही कार्यप्रणाली सादर होत असता, संगणकाला एक उपकरण जोडताच भव्य पडद्यावर बिघाडाची निळी पाटी आली. सभागृहात हशा व टाळ्या झाल्या, आणि व्यासपीठावर असलेले बिल गेट्स यांनी, म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेले नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन वेळ मारून नेली. २००८ साली वेल्समधील स्वान्झी येथे रस्त्यावरील एका पाटीचा वेल्श मजकूर प्रत्यक्षात भाषांतरकाराच्या पत्रपेटीने पाठविलेले स्वयंचलित उत्तर निघाला : मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवावे. त्याच सुमारास चीनमधील एका उपाहारगृहाच्या पाटीचे छायाचित्र जगभर फिरले. चिनी अक्षरांखाली इंग्रजीत, मोठ्या डौलाने, भाषांतरयंत्रात बिघाड झाल्याचा संदेश रंगविलेला होता. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये हटिया–एर्नाकुलम या गाडीच्या डब्यावर ‘हटिया’ या स्थळनामाच्या जागी मल्याळममध्ये ‘कोलपातकम्’, म्हणजे हत्या, असा शब्द झळकला. हटिया हे रांचीजवळचे स्थानक. ‘हत्या’ या हिंदी शब्दाशी त्याची गल्लत झाली. रेल्वेने पाटी दुरुस्त केली, पण तोवर त्या गाडीचे नवे बारसे लोकांनी करून टाकले होते.

या चारांपैकी पहिले उदाहरण बाकीच्यांहून भिन्न आहे. शिकागोत यंत्राने आपला दोष आपल्या भाषेत कळविला. पुढील तिन्हींत दोष संदेशाचा वेष घेऊन आला आणि माणसाने तो न ओळखता पाटीवर चढविला. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याची चर्चा करताना कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेस घातल्याचे उदाहरण घेतले आहे. भरतानेही हास्याच्या विभावांत विकृत वेष व अलंकार गणले आहेत. वस्तू स्वतः सदोष नसते, ठिकाण चुकते. स्वान्झीच्या पाटीवरचे वेल्श वाक्य पत्रपेटीत निर्दोषच होते.

बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने हास्यावरील आपल्या १९०० सालच्या प्रबंधात, सजीवावर यांत्रिकतेचे पुट चढलेले दिसले म्हणजे हसू येते, असा सिद्धान्त मांडला. यंत्रदोषाच्या विनोदास तो उलटा करून लावावा लागतो. लोक यंत्रावर सजीवाचे पुट चढवितात. फलक ‘रुसला’, संगणक ‘झोपला’, यंत्राच्या ‘अंगात आले’, ‘दृष्ट लागली’ असे प्रयोग मी सर्रास ऐकले आहेत. त्यांत अंधश्रद्धा शोधणे व्यर्थ आहे. मराठीत अचेतनाच्या क्रिया सांगणारी क्रियापदे पूर्वापार अशीच आहेत : घड्याळ ‘चालते’ आणि ‘पडते’ तर बंदच, लाईट ‘जाते’ आणि ‘येते’. विनोद करणारा याच वाटेने आणखी एक पाऊल पुढे टाकतो, इतकेच.

१९ जुलै २०२४ रोजी, योगायोगाने शुक्रवारीच, क्राउडस्ट्राइक या संस्थेच्या संरक्षक आज्ञावलीची सदोष सुधारणा जगभर वितरित झाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणांच्या वेळा पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहाव्या लागल्या. हैदराबादेत प्रवाशांस हस्तलिखित प्रवेशपत्रे मिळाली, व लोकांनी ती स्मरणवस्तूप्रमाणे दाखविली. त्या निळ्या पाटीवर अपूर्णविराम व कंस यांनी केलेला एक उदास चेहरा असे. २०१२ पासून तो होता, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या काळ्या पाटीतून तो वगळण्यात आला. माझ्या एका विद्यार्थ्याने तो वर्गात असा वाचला : “सर, दुःखातला ‘दु’ गेला, ‘ख’ गेला, विसर्ग तेवढा राहिला.” या विद्यार्थ्याचे व्याकरण यथातथाच आहे, परंतु या वाक्यासाठी त्यास मी काही गुण देऊन टाकले.

येथवर हास्याचा प्रांत झाला. आता जे उदाहरण द्यावयाचे आहे त्याने मला हा विषय हाती घेण्यास भाग पाडले. काही वर्षांपूर्वी शहरातील एका कार्यालयात कामानिमित्त बसलो होतो. भिंतीवरील पडद्यावर क्रमांक उमटे, त्याप्रमाणे माणसे खिडकीपाशी जात. पडद्यावरील सूचना मराठीत होत्या. सकाळी चौथा क्रमांक चालू असता पडदा विझला, यंत्र पुन्हा सुरू होऊ लागले, आणि सुरू होता होता निळे होऊन थांबले. पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी आल्या, आणि त्यांखाली एक संकेतांक : शून्य, फुली, मग सहा शून्ये, सात, आणि एक रोमी अक्षर. लोकांत कुजबूज झाली. “काय करलालंय बे हे?” असे कोणी म्हणाले, कोणी हसले. इतक्यात पुढच्या बाकावरील एक वृद्ध स्त्री उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या हातातील चिठ्ठीवर सातचा अंक होता.

ती तेलुगू भाषक होती. विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या अनेक स्त्रिया या शहरात आहेत, त्यांपैकी ती एक. अंक तेवढे तिला वाचता येत. पडद्यावरील साऱ्या मजकुरात तिला ओळखीची अशी एकच खूण दिसली, आणि ती तिच्याच नावाची होती. कारकुनाने तिला परत पाठविले. आपली पाळी गेली की काय या भीतीने ती वारंवार विचारू लागली. शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलास तिने तो मजकूर वाचावयास सांगितला. त्याने इंग्रजी ओळ अडखळत पुरी वाचली : समस्येचा शोध लागला असून ‘तुमच्या’ संगणकाची हानी टळावी म्हणून विंडोज बंद करण्यात आले आहे, असा तिचा आशय होता. म्हातारीने विचारले, म्हणजे काय? मुलगा क्षणभर थांबला व म्हणाला, “काही नाही अक्का, बिघडलंय.”

इंग्रजी वाक्यात शोध लागला आहे, पण कोणी लावला हे नाही. यंत्र बंद केले आहे, पण कोणी केले हे नाही. आणि संगणक ‘तुमचा’ आहे, जो त्या दालनातील एकाही माणसाचा नव्हता. मुलाच्या एका शब्दात यांतील सर्व आवश्यक अर्थ आला. ‘बिघडणे’ हे अकर्मक क्रियापद कर्त्याची चौकशीच करू देत नाही. त्याच्या शेजारी ‘बिघडविणे’ हे सकर्मक रूप उभे असते, आणि बोलणारा त्याला वगळूनच पहिले निवडतो. ‘अक्का’ हे संबोधन तर मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषांच्या माणसांस या शहरात एकाच अर्थाने चालते. भाषांतर असेच होते.

यावरून लक्षात आलेली गोष्ट अशी की आपल्या भोवतालची यंत्रे चालू असतात तेव्हा मराठी बोलतात आणि बिघडतात तेव्हा इंग्रजी. याचे कारण मुख्यतः तांत्रिक आहे. मराठी मजकूर यंत्राच्या सर्वांत वरच्या थरात असतो. बिघाड कळविण्याचे काम अगदी तळच्या थरास करावे लागते, आणि त्या वेळी देवनागरी जुळविणारी वर उल्लेखिलेली आज्ञावली जागीच झालेली नसते. जुन्या यंत्रांत या थरास जेमतेम २५६ ठराविक आकृत्या छापता येत. रोमी लिपीस तेवढ्या पुरतात, जोडाक्षरांच्या लिपीस पुरत नाहीत. पण तांत्रिक कारण संपते तेथून पुढे निव्वळ आळस सुरू होतो. दालनातील पडद्यावर, यंत्र निळे पडल्यास दाखविण्यासाठी, ‘यंत्र बिघडले आहे, क्रमांक तोंडी पुकारले जातील’ अशा एका वाक्याचे तयार चित्र ठेवता येते, आणि तेवढ्यासाठी पडद्याशेजारी दुसरे लहानसे यंत्र पुरते. तेही नको असेल तर पुठ्ठा आणि खडू आहेतच. त्या स्त्रीचे काम दुपारी झाले, चौथ्यानंतरचे क्रमांक कारकुनाने ओरडूनच पुकारले, आणि सातवा क्रमांक तिला पहिल्या हाकेत ऐकू आला नाही.

शुक्रवार पेठेतील दुकानदारास मात्र ही युक्ती कोणी सांगावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने फलकाखाली एक पाटी टांगली. तीवर खडूने खरा वार व दिनांक लिहिला होता, आणि त्याखाली, निराळ्या हस्ताक्षरात, कोणीतरी लिहून ठेवले होते : ‘नक्की?’